चर्चची समिती चौकशी करतेय, मग पोलिसांत जायचं का?

तुम्ही लिहिलेलं आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना हे कळेल. नवी मुंबईतल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) तुम्ही रविवारी कॅटेकिझमचा, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाचा वर्ग घेता. यंदा तुमचं नाव बालसंरक्षण समितीत घातलं गेलं, धोरणाची इंग्रजी पुस्तिका मिळाली, शेवटच्या पानावर सही झाली. गेल्या रविवारी मिस्सा सुटल्यावर एका आईने तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की, फर्स्ट कम्युनियनच्या (पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या) मुलांना मदत करणारा एक स्वयंसेवक तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला सामानाच्या खोलीत नेतो आणि 'नको तिथे हात लावतो'. तुम्ही त्याच दिवशी फादरना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, धर्मप्रांताच्या (बिशपांच्या कार्यक्षेत्राच्या) समितीला फोन केला आणि तुम्हाला म्हणाले, 'आता ते चौकशी करतील, तोवर कुठे बोलू नका.' तुमचा प्रश्न असा की धोरण पाळायचं की पोलिसांत जायचं, आणि गेले तर तो आपल्याच चर्चशी केलेला दगा ठरेल का.

पोलिसांत जायचं, आणि आजच जायचं. दगा ठरत नाही; का ते पुढे सांगते.

मी ठाणे जिल्ह्यात पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालच्या खटल्यांत सपोर्ट पर्सन म्हणून काम करते. जबाब, वैद्यकीय तपासणी, कोर्ट या सगळ्या वाटेवर मुलाच्या आणि घरच्यांच्या सोबत राहायचं, असं हे काम. मी स्वतः कॅथलिक, उत्तनची. धर्मग्रामांच्या समित्यांना प्रशिक्षणही देते, त्यामुळे फादरांची बाजू मला अनोळखी नाही. बहुतेक फादर काही दडपायला बसलेले नसतात. पुस्तिकेत 'धर्मप्रांताच्या समितीस कळवावे' असं असतं, ते कळवतात, आणि आपलं कर्तव्य झालं असं त्यांना मनापासून वाटतं. खरी अडचण इथेच आहे. माहिती तुमच्याकडून फादरकडे गेली, फादरकडून समितीकडे गेली, आणि आता ती कुणाच्या टेबलावर आहे, त्याने किती वेळात काय करायचं, हे तिघांपैकी कुणालाच सांगता येत नाही. ती मुलगी मात्र येत्या रविवारी पुन्हा त्याच हॉलमध्ये येणार आहे.

कायद्याचं आधी बघू. पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याचं कलम १९ म्हणतं की मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, किंवा तो होईल अशी ज्याला भीती वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. त्यात 'किंवा संस्थेच्या समितीला' असा पर्याय दिलेला नाही. कलम २१ नुसार न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणजे तुम्ही फादरना सांगून मोकळ्या होत नाही, फादर समितीला फोन करून मोकळे होत नाहीत आणि समितीही चौकशी सुरू करून मोकळी होत नाही. जबाबदारी पुढच्याकडे सरकत नाही, प्रत्येकाकडे राहते.

हे नुसतं पुस्तकातलं कलम नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवलं नाही असा आरोप होता. हायकोर्टाने त्याच्यावरची कारवाई रद्द केली होती; सुप्रीम कोर्टाने २ नोव्हेंबर २०२२ ला तो निर्णय फिरवला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं स्पष्ट सांगितलं. आणि आपल्याच जिल्ह्यातलं बदलापूर कुणी विसरलेलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये शिशुवर्गातल्या दोन मुलींवरच्या अत्याचारानंतर लोक रुळांवर उतरले, मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि संस्थाचालकांवर माहिती न दिल्याबद्दल पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला.

चर्चचा कायदा याच्या आड येतो, असं अनेकांना वाटतं. येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये 'वोस एस्तिस लुक्स मुंडी' हे फर्मान काढलं आणि २०२३ मध्ये ते सुधारून कायम केलं. प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार करायला सर्वांना माहीत असलेली, सहज गाठता येणारी सोय हवी, धर्मगुरू आणि व्रतस्थांनी (ब्रदर, सिस्टर) प्रकरण कळल्यावर विनाविलंब कळवलं पाहिजे, आणि हे सगळं देशाच्या कायद्यातली कळवण्याची बंधनं अबाधित ठेवून, असं त्यात आहे. डिसेंबर २०१९ मध्ये अशा प्रकरणांवरचं 'पोंटिफिकल सीक्रेट', म्हणजे चर्चच्या कारभारातलं कडक गोपनीयतेचं बंधन, उठवलं गेलं. त्याच वेळच्या सूचनेत लिहिलंय की कार्यालयीन गोपनीयता नागरी कायद्याखालच्या कर्तव्याच्या आड येऊ शकत नाही, आणि तक्रार करणाऱ्यावर, पीडितावर किंवा साक्षीदारावर गप्प राहण्याचं बंधन घालता येत नाही. तेव्हा 'कुठे बोलू नका' हे वाक्य मुलीचं नाव फुटू नये म्हणून असेल तर शंभर टक्के बरोबर. पोलिसांना सांगू नका या अर्थाने असेल, तर त्याला चर्चच्याच कायद्याचा आधार नाही.

तुमच्या प्रकरणात आणखी एक बारकावा आहे. तो स्वयंसेवक प्रापंचिक आहे, म्हणजे धर्मगुरू किंवा व्रतस्थ नाही. 'वोस एस्तिस' मुख्यतः धर्मगुरू, व्रतस्थ आणि बिशप यांच्यासाठी आहे. प्रापंचिकांपैकी काही आंतरराष्ट्रीय संघटनांचे प्रमुख तेवढे त्यात येतात. चर्चच्या कायद्यातल्या, २०२१ च्या सुधारित कॅनन (कलम) १३९८ मध्ये चर्चमध्ये काही पद किंवा काम सांभाळणाऱ्या श्रद्धावंतालाही शिक्षेची तरतूद आहे, पण ती चर्चपुरती. समिती त्याला सेवेतून काढू शकते, तेवढंच. त्याचा फोन जप्त करणं, मुलीची वैद्यकीय तपासणी, इतर मुलांकडे चौकशी, अटक, यातलं काहीही समितीच्या हातात नाही. उलट समितीतल्या भल्या माणसांनी मुलीला चार वेळा प्रश्न विचारले की कोर्टात बचाव पक्षाचा वकील म्हणतो, 'हिला शिकवलंय.' हे मी कोर्टात बसून पाहिलंय आणि फार वाईट वाटतं, कारण विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो.

आता परिस्थितीप्रमाणे काय बदलतं ते. आईने सांगितलेलं जसंच्या तसं धरलं तर लैंगिक हेतूने केलेला स्पर्श हा कलम ७ खालचा लैंगिक हल्ला आहे, आणि मूल बारा वर्षांखालचं असल्यामुळे तो कलम ९ प्रमाणे गंभीर स्वरूपाचा ठरतो; शिक्षा पाच ते सात वर्षं. हेतू काय होता, पुरावा पुरेसा आहे का, हे कोर्ट ठरवेल. तुम्ही ठरवायचं नाही, फादरनीही नाही. पण समजा तक्रार एवढीच असती की तो मुलांना रात्री मेसेज पाठवतो, एखाद्याच मुलीला चॉकलेट देतो, बाइकवरून घरी सोडतो. तर तो लगेच पोलिसांचा मामला होईलच असं नाही. तिथे धोरणाचं खरं काम सुरू होतं: त्याच दिवशी थांबवायचं, लेखी नोंद करायची, पालकांशी बोलायचं आणि मेसेजमध्ये लैंगिक काही दिसलं तर तिथून थेट पोलीस. सांगणारी व्यक्ती आज प्रौढ असेल आणि घटना नोव्हेंबर २०१२ च्या आधीची असेल, तर पोक्सो लागू होत नाही, त्या वेळचा भारतीय दंड संहितेचा कायदा बघावा लागतो. तिथे मी आधी त्या व्यक्तीला काय हवंय ते विचारते. आणि कन्फेशनचा (धर्मगुरूंपुढे गुपितात केलेल्या पापांच्या कबुलीचा) प्रश्न प्रशिक्षणात दर वेळी निघतो म्हणून लिहिते: तो धर्मगुरूंपुढचा प्रश्न आहे. तुम्हाला चर्चच्या आवारात, दोन माणसं बोलतात तसं सांगितलं गेलंय. तुम्हाला कसलंही संस्काराचं बंधन नाही.

आज काय करायचं याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण गडबड इथेच होते.

आधी त्या आईला भेटा. पोलिसांना कळवायला कायद्याने तिची परवानगी लागत नाही, पण तुम्ही जाताय हे तिला मागाहून कळता कामा नये. तिची भीती ऐकून घ्या. नवरा काय म्हणेल, सासू काय म्हणेल, सोसायटीत कळलं तर, मुलीच्या शाळेत कळलं तर, गावाकडच्या लोकांना कळलं तर. यातली एकही भीती खोटी नाही. तिला तीन गोष्टी सांगा ज्या सहसा कुणी सांगत नाही. मुलीचं नाव, फोटो, शाळा, पत्ता जाहीर करणं कलम २३ खाली गुन्हा आहे. मुलीला पोलीस ठाण्यात नेऊन बसवायची गरज नाही. कलम २४ प्रमाणे तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो आणि आई जवळ बसू शकते. तिसरं म्हणजे आरोपीशी तिची समोरासमोर गाठ पडू द्यायची नाही, ही पोलिसांची जबाबदारी आहे. हे ऐकल्यावर बऱ्याच आया स्वतःच म्हणतात, 'चला मग.'

जाण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: आईने कधी, कुठे, कोणत्या शब्दांत सांगितलं. शब्द बदलू नका. मुलीने 'अंकलनी फ्रॉकमध्ये हात घातला' म्हटलं असेल तर तेच लिहा. 'गैरवर्तन केले' असं शुद्ध करून लिहू नका. कोर्टात त्या कच्च्या वाक्याला जे वजन असतं ते आपल्या सभ्य वाक्याला नसतं. मुलीला स्वतःहून प्रश्न विचारू नका. ती बोललीच तर ऐका, 'सांगितलंस ते चांगलं केलंस, तुझी काही चूक नाही' एवढं म्हणा, आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. त्या माणसाला बोलावून जाब विचारू नका. समितीच्या किंवा पॅरिश कौन्सिलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. फोनवर मेसेज किंवा फोटो असतील तर फोन तसाच ठेवा, काही पुसू नका आणि पुढे पाठवू तर मुळीच नका, कारण मुलाचं असं चित्र पुढे पाठवणं हाच वेगळा गुन्हा आहे.

पोलीस ठाण्यात तुमची माहिती लिहून घेऊन तुम्हाला वाचून दाखवायची असते आणि तिला नोंद क्रमांक द्यायचा असतो. 'आमची हद्द नाही' म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवायचा एफआयआर. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो आता कलमातच आहे. नोंद करायला नकार देणारा पोलीसही कलम २१ खाली येतो. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, आणि ती समिती सपोर्ट पर्सन देऊ शकते. तो आईने मागूनच घ्यावा. घटना ताजी असेल किंवा मुलगी दुखतंय म्हणत असेल तर आधी हॉस्पिटल. तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते, आणि एफआयआरची वाट बघत उपचार थांबवता येत नाहीत. मदतीला कुणी नसेल तर १०९८ लावा. पुढे मनोधैर्य योजनेखाली अर्थसाहाय्य मिळू शकतं, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बघा.

तक्रार खोटी निघाली तर? हे तुम्ही विचारलं नाहीत, पण फादर विचारतील. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं कलम १९ मध्येच आहे. मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे, मुलाला कधीच नाही. आणि त्या स्वयंसेवकालाही न्याय मिळायचा असेल तर तो पोलीस तपासातून आणि कोर्टातून मिळेल. आवारातल्या कुजबुजीतून तो दोषीही ठरत नाही आणि निर्दोषही सुटत नाही. तोवर त्याला मुलांच्या सगळ्या कामातून बाजूला ठेवायचं: कॅटेकिझम, क्वायर, पिकनिक, क्रिब (नाताळचा गोठा) सजवणं, सगळं. आणि दुसऱ्या धर्मग्रामात 'तात्पुरता' पाठवायचं तर अजिबात नाही.

'मिटवून टाका' हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल, बहुधा एखाद्या वडीलधाऱ्या, प्रेमळ माणसाकडून. ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजस्थानच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात सांगितलं की अशा गुन्ह्याचा खटला घरच्यांशी झालेल्या तडजोडीवर रद्द करता येत नाही. त्यामुळे मुलीचे आईवडील आणि तो माणूस यांना फादरांच्या ऑफिसात समोरासमोर बसवायची कल्पना कुणी काढली, तर तिथल्या तिथे नाही म्हणा.

आता दग्याबद्दल. आपण अल्पसंख्य आहोत, आजकाल चर्चवर बोट ठेवायला लोक टपलेले आहेत, ही भीती मी समजू शकते. ती माझ्याही घरात बोलली जाते. पण मुंबईच्या शिवाजीनगरचं प्रकरण आठवा. २०१५ मध्ये एका धर्मगुरूने मुलावर अत्याचार केल्याचं घरच्यांनी चर्चच्या वरिष्ठांपर्यंत नेलं, आणि पोलिसांत मात्र त्यांना स्वतःच जावं लागलं. २०१९ मध्ये मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी बीबीसीशी बोलताना अशा तक्रारी आपण अधिक चांगल्या तऱ्हेने हाताळू शकलो असतो असं मान्य केलं. त्याच आठवड्यात व्हॅटिकनमध्ये बालसंरक्षणावरची परिषद होती आणि तिच्या आयोजकांत ते होते. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष पोक्सो कोर्टाने त्या धर्मगुरूला जन्मठेप दिली. चर्चचं नाव जगभर गेलं ते गुन्ह्याइतकंच त्या दिरंगाईमुळे. मुलाच्या आईबरोबर त्याच संध्याकाळी कुणी पोलिसांत गेलं असतं, तर लोकांना सांगण्यासारखं काहीतरी वेगळं असतं.

आता तुमच्या समितीबद्दल, कारण हे प्रकरण पुढे गेलं तरी समितीत तुम्ही राहणार आहात. एका रविवारी वर्ग चालू असताना आवारात फिरा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शाळा आणि चर्च एकाच कंपाउंडमध्ये असतात. बदलापूरनंतर शाळेवर सरकारचं लक्ष आहे: सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती. रविवारी मात्र त्याच इमारतीत शाळेचे शिपाई नसतात, हजेरीचा कागद कुणाकडे आहे माहीत नसतं, आणि क्रिबचं सामान, जुन्या खुर्च्या, क्वायरचे स्टँड ठेवायची खोली आतून कडी लागेल अशी असते. त्या खोलीची आतली कडी काढून टाका, दाराला काच बसवा, किल्ली दोन माणसांच्या सहीशिवाय देऊ नका. डिसेंबरमध्ये कॅरलच्या सरावाला मुलं रात्री उशिरापर्यंत असतात. तेव्हा कोण थांबतं, मुलं घरी कुणाबरोबर जातात, हे आधी ठरवा. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन ठरावीक काळाने करायचं, असं २०२० च्या पोक्सो नियमांत आहे. ते नियम कर्मचाऱ्यांबद्दल बोलतात म्हणून स्वयंसेवक सुटतात, आणि रविवारी मुलं असतात ती स्वयंसेवकांच्याच ताब्यात. तुमच्या समितीने ते त्यांनाही लावावं.

धर्मप्रांताकडून लेखी मागा: तक्रार घेणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि फोन, ती नसेल तर दुसरी कोण, समितीत धर्मगुरू सोडून कोण आहेत, त्यात वकील, मानसोपचारतज्ज्ञ, आई असलेली बाई आहे का, पोलिसांना किती तासांत कळवतात, वर्षभरात किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय झालं. नावं नकोत, आकडे द्या म्हणावं. आणि ती पुस्तिका मराठीत, कोकणीत, मल्याळममध्ये, तमिळमध्ये, हिंदीत हवी. त्या मुलीच्या आईने पुस्तिका उघडली नाही, तुमच्याकडे आली. तिला फोन नंबर दारावर मोठ्या अक्षरात दिसायला हवा होता. बिशपांच्या कार्यालयानेच प्रकरण दाबलं असं कधी दिसलं, तर चौकशी टाळणं किंवा तिच्यात अडथळा आणणं हेसुद्धा 'वोस एस्तिस'मध्ये येतं. ती तक्रार दिल्लीतल्या पोपच्या राजदूतांमार्फत किंवा थेट रोमला करता येते.

पोलिसांत जाऊन आल्यावर फादरना एवढंच लिहून द्या, मुलीचं नाव न घालता:

'आदरणीय फादर, गेल्या रविवारी मी आपल्याला तोंडी सांगितलेली बाब पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे आज मी पोलिसांना कळवली आहे. नोंद क्रमांक खाली देत आहे. संबंधित स्वयंसेवकास तपास पूर्ण होईपर्यंत मुलांच्या सर्व कामांतून दूर ठेवावे आणि धर्मप्रांताच्या समितीने मुलीला किंवा तिच्या घरच्यांना चौकशीसाठी बोलावू नये, ही विनंती. आपणही संस्थेचे प्रमुख या नात्याने पोलिसांना लेखी कळवावे. कुटुंबाच्या समुपदेशनाचा खर्च धर्मग्रामाने उचलावा असे मला वाटते. त्याबद्दल आपण त्यांच्याशी बोलावे.'

तारीख, सही, आणि तुमच्या प्रतीवर त्यांची पोच घ्या. दुसरी प्रत धर्मप्रांताच्या समितीला स्पीड पोस्टाने पाठवा. पोलीस ठाण्यात काही अडलं तर इथेच लिहा, मी संध्याकाळी बघते.